वखारीच्या मळ्यातले बापूशेठ

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि वाटेत ओढा होता. ज्यांनी आमच्या गावचा वखारीचा मळा पाहिला असेल त्यांना माझं अक्षर ठाऊकच आहे, कारण तिथल्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्यात. हे मात्र कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. बापूशेठ नीट आठवतात तोवर लिहून ठेवावं, एवढंच.

बापूशेठ कधी 'एक' म्हणत नसत.

धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर सगळेच तसं म्हणतात आणि खळं संपलं की विसरतात. बापूशेठ विसरत नसत. ताटातल्या भाकरी लाभ, दोन. ओसरीच्या पायऱ्या लाभ, दोन, तीन. वखार बघायला माणसं आली की दारात उभं राहून प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावत, आणि पहिल्याला म्हणत, "लाभ." शाळेची पोरं आली की पहिला नंबर लावायला धक्काबुक्की व्हायची. एकदा त्यांना हगवण लागली. शेवगावच्या डॉक्टरनं विचारलं, किती वेळा झालं? शेठ बोटांवर मोजू लागले, "लाभ, दोन, तीन, चार..."

डॉक्टर म्हणाला, "शेठ, यात लाभ कसला?"

"तुमचा," शेठ म्हणाले.

वखारीचा मळा म्हणजे नुसती शेती नव्हती. बापूशेठांच्या पणजोबानं तिथं आधी विहीर खणली, मग वखार बांधली. आपल्या रानात पिकेल ते आणि आसपासच्या दहा गावांतून येईल ते, ज्वारी, बाजरी, करडई, कापूस, सगळं तिथं मापून घ्यायचं, साठवायचं, आणि पैठणकडून बैलांचे तांडे आले की त्यांच्या पाठीवर गोणी लादून रवाना करायचं. पुढं सडक झाली, ट्रक आले, शेवगावचा बाजार वाढला. तांडे यायचे थांबले. भावकीनं आपापले वाटे विकले आणि कुणी नगरला, कुणी पुण्याला दुकान टाकलं. बापूशेठांनी लग्न केलं नाही आणि वाटा विकला नाही. वखार होती तशी ठेवली. तागडी टांगलेली, पांढरी गादी अंथरलेली, दौतीत ओली शाई. गादीवर कुणी बसायचं नाही. ते स्वतःही तिच्या शेजारी जमिनीवर बसत. दारावर पाटी होती, 'जुना व्यापार पाहणे. फुकट.' गावातले लोक त्याला भंगाराचं देऊळ म्हणत.

मी तिथं कामाला लागले ती बाहत्तरच्या दुष्काळात. सडकेच्या कामावर खडी फोडताना माझ्या पायावर दगड पडला आणि हजेरीतून नाव गेलं. बापूशेठना वाचता येणारी बाई हवी होती. त्यांनी सगळ्या वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण त्या मोडीत. त्यांना बाळबोध धड येत नव्हतं आणि गावात दुसऱ्या कुणाला मोडी येत नव्हती. त्यामुळं वीस वर्षं लोक वस्तूही बघत आणि चिठ्ठीही बघत, आणि दोन्ही सारख्याच न समजता घरी जात.

"काय शिकलीस?" त्यांनी विचारलं.

मी पदर तोंडाला लावून चार बोटं दाखवली.

"मोठ्यानं बोल."

मी पुन्हा चार बोटं दाखवली.

"बरं," ते म्हणाले. "मुकी असलीस तरी चालंल. हितल्या वस्तू तरी कुठं बोलत्यात? तुमचं जमंल."

दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून घात झाला. वखारीत बेचाळीस मापं होती, पायलीपासून चिपट्यापर्यंत, लाकडी आणि पितळी. मी ती सगळी राखेनं घासली आणि विहिरीच्या काठावर उन्हात वाळत घातली. कुठलीही बाई भांडी वाळत घालते तशी, पालथी. बापूशेठ ओसरीवरून आले, बघितलं आणि मटकन खाली बसले. मला वाटलं ऊन लागलं. मी पाणी आणायला पळाले.

"पानी नगं. कुनी पालथी घातली?"

मी माझ्याकडं बोट केलं.

"पोरी, येपाऱ्याच्या दारात माप पालथं पडलं म्हंजी काय झालं, ठाव हाय का?"

मी मान हलवली.

"दिवाळं निगालं. समद्या गावाला सांगून टाकलंस, की आता हितं काय मिळायचं न्हाई."

तीस वर्षांत तिथं कुणाला काही मिळालं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मी बोलणाऱ्यातली नाही. मी रडायला लागले. आता हेही काम गेलं, असं वाटलं. बापूशेठ उठले, एकेक माप सुलटं करू लागले आणि प्रत्येकात मूठभर बाजरी टाकू लागले, कारण माप रिकामंही ठेवायचं नसतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बेचाळीस मुठी बाजरी. आम्ही घरी रेशनची तांबडी मिलो ज्वारी खात होतो, तिची भाकरी थापताना तुटायची. मी त्या बाजरीकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. आठ दिवसांनी बापूशेठ म्हणाले, "मापातली बाजरी घरी ने. शिळी झाली. उंदरं माजत्यात." मग दर आठ दिवसांनी ती बाजरी शिळी होऊ लागली.

मी भित्री आहे, हे एव्हाना कळलंच असेल. पण बापूशेठ माझ्याहून भित्रे होते, म्हणून आमचं बरं जमलं. ते उंदरांना भीत, वाळवीला भीत, विजेला भीत. सगळ्यांत जास्त भीत ते पाहुण्यांच्या हातांना. "हात मागं" हे त्यांचं पालुपद. दारात आलेल्या प्रत्येकानं दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि तसंच सगळं बघत फिरायचं. गावचे पाटीलसुद्धा एकदा तसेच फिरले. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुरुंग बघायला गेल्तो का तुरुंगात गेल्तो, काय कळंना."

"घामट हात लागला की पितळ दुखावतं," बापूशेठ म्हणायचे.

"पितळाला काय दुखतंय, शेठ?" लोक विचारायचे.

"बोलत न्हाई म्हनून दुखत न्हाई व्हय?"

पण या सगळ्याला भ्यायचे ते बोलून दाखवायचे. एका गोष्टीला ते न बोलता भ्यायचे. ते होतं अंगणातलं पेव.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत मडक्यासारखं पोट सुटलेलं. मळ्यात तीन पेवं होती. दोन मातीनं बुजवली होती. तिसऱ्यावर मोठी फरशी, फरशीच्या कडा चुन्यानं लिंपलेल्या, आणि फरशीवर बापूशेठांची खाट. दिवसभर ते त्या खाटेवर बसत. रात्री ओसरीवर झोपत, खाट तिथंच राही. रोज सकाळी खाली वाकून चुन्याला कुठं चीर गेलीय का ते बोट फिरवून बघत. पाहुण्यांना सगळी वखार दाखवत, पण खाटेला वळसा घालून नेत. मी एकदा चिठ्ठी लिहिताना विचारलं, तेव्हा मी बापूंशी थोडं बोलू लागले होते, "बापू, पेवाला चिठ्ठी नको?"

ते दौतीतली शाई उगाच ढवळत बसले. त्या दिवसापासून मी झाडताना खाटेच्या चार हात अलीकडं थांबू लागले.

दुष्काळ वाढला तसं गावात कुणीतरी बोलायला लागलं. म्हातारा खाटेवरनं उठत नाही. कशाला उठेल? खाली ज्वारी दाबलीय. आधी हे हसण्यावारी होतं. मग विहिरी आटल्या आणि कुणी हसेना. कुणीतरी अर्ज केला. एक दिवस पुरवठ्याचे साहेब येणार असा निरोप आला. पेव उघडून तपासायचं होतं.

पेवात उतरणार कोण, हे मला संध्याकाळी घरी कळलं. आमचे हे विहिरी खणायचे. खोल जागेची त्यांना भीती नव्हती. पाटलांनी त्यांना बोलावून पंधरा रुपये उचल दिली होती आणि यांनी येता येता त्या पैशांचा कडबा घेतला होता, गाय दोन दिवस उपाशी होती म्हणून.

"अवं, पन तिथं बापू कुनाला जाऊ देत न्हाईत," मी म्हणाले.

"साहेबापुढं बापूचं काय चालतंय? एकदा उतरायचं, बघायचं, वर यायचं. विडी संपायच्या आत पंधरा रुपये. आन तू अशी काय बघायलीस?"

मी कशी बघत होते ते मला माहीत नाही. मला फक्त बापूशेठांचं बोट दिसत होतं, चुन्यावरून फिरणारं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव अंगणात होतं. खाट उचलून बाजूला ठेवली. पहारीनं चुना फोडला आणि चार जणांनी फरशी सरकवली. आतून गार, आंबूस वास आला. लोक पुढं झुकले. बापूशेठ मागं सरकले, आणि मग मला म्हणाले, "कंदील पेटव."

मी कंदील पेटवून आणला. त्यांनी त्याला दोरी बांधली आणि आत सोडू लागले. दोरी हाताहातानं मोजत होते. लाभ, दोन, तीन, चार. पाचव्या हाताला कंदील विझला.

"वारा लागला," साहेब म्हणाले.

"पेवात वारा नसतो, साहेब. त्येच तर हाय. आजचा दिस उगडं ऱ्हाऊ द्या. उद्या लिंबाचे डहाळे फिरवू. कंदील तळाला जळला की मग मानूस."

"मला आणखी तीन गावं करायची आहेत."

मी दुसरा कंदील आणला. तोही पाचव्या हाताला गेला. लोकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, म्हातारा दोरीला झटका देतोय. कुणी म्हणालं, तेल कमी घातलंय, बाई त्याचीच हाय. साहेबांनी खिशातून बॅटरी काढली. दोरीला बांधली, बटण दाबलं आणि सोडली. बॅटरी पाचव्या हाताला विझली नाही, सातव्याला नाही. पार तळाला जाऊन उजेड पडला. तळाला थोडा काळा भुसा दिसला.

"बघा," साहेब म्हणाले. "जळतेय की. बाजूला काय आहे ते वरून दिसत नाही. उतरवा माणूस."

लोकांना ते पटलं. मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला सांगू? उजेड तळापर्यंत गेला, म्हणजे सगळं ठीक, असं कुणालाही वाटेल. आमच्या ह्यांनी कमरेला दोर बांधला.

"साहेब," बापूशेठ म्हणाले. "कंदील श्वास घेतो. बॅटरीला नाक न्हाई."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. आमचे हे हसले आणि पेवाच्या तोंडाशी बसून त्यांनी पाय आत सोडले.

"उतरू नका," मी म्हणाले.

इतक्या माणसांत मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही. बापूशेठना गेलं. उंदराला भिणारा तो माणूस पुढं आला, यांची बखोट धरून यांना मागं ओढलं, आणि स्वतः पेवाच्या तोंडावर आडवा झाला. धोतर, टोपी, सगळ्यासकट. डोकं एका काठावर, पाय दुसऱ्या काठावर, मधे पोकळी.

"मला ढकला," ते म्हणाले. "मोजनी माझ्यापासनं सुरू करा. लाभ मी."

पाटील म्हणाले, "शेठ, उठा. लोक बघत्यात."

"बघू द्या. हात मागं, समद्यांनी हात मागं."

आणि खरं सांगते, पुढच्या ओळीतल्या चार-पाच जणांनी सवयीनं हात मागं घेतले.

म्हाताऱ्या माणसाला ओढून काढायचं कुणाच्या जिवावर आलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. "रविवारी येतो," ते पाटलांना म्हणाले. "दोन पोलीस घेऊन येतो. माणूस तयार ठेवा." आणि बॅटरी पुसून खिशात टाकली.

सगळे गेल्यावर बापूशेठ उठले. त्यांनी माझ्याकडं फरशी लावायला मदत मागितली नाही. पेव तसंच उघडं ठेवून ते वखारीत गेले आणि एक जुनी चोपडी काढून गादीशेजारी बसले. मला वाटलं चिठ्ठी सांगणार, म्हणून मी बोरू घेतला.

"लिहू नगस. ऐक."

चोपडी मोडीत होती. ते वाचत नव्हते, त्यांना ती पाठ होती.

ते एकोणीस वर्षांचे होते. वडील पैठणला गेलेले, किल्ल्या पहिल्यांदाच त्यांच्या कमरेला. तांडा दारात उभा, बैल लादायची घाई. हेच पेव तेव्हा भरलेलं होतं आणि वर्षभर बंद होतं. उघडलं की दिवसभर थांबायचं, कंदील सोडायचा, हे त्यांना ठाऊक होतं. पण तांडेवाला ओरडत होता. त्यांनी कोंडिबा नावाच्या हमालाला सांगितलं, उतर. कोंडिबा उतरला. बापूशेठ तोंडाशी वही घेऊन बसले, पहिलं माप वर येईल म्हणून.

"मी लाभ म्हनालो," ते म्हणाले. "माप आलं न्हाई. दुसऱ्या हमालाला, सावळ्याला म्हनालो, बघ रं काय झालं. सावळा उतरला."

बाहेर उघड्या पेवावर ऊन पडलं होतं.

"तिसरा कमरेला दोर बांधत हुता. कोंडिबाची बायकू तिथं ज्वारी पाखडत बसल्याली. तिनं त्येचा हात धरला. म्हनली, आधी कंदील सोडा. बाईमानसाला सुचलं. मला न्हाई सुचलं. माझ्या हातात वही हुती ना."

त्यांनी चोपडीचं पान उलटलं.

"त्या कोंडिबानं आमच्याकडनं अकरा रुपये उचल घेतल्याली. वडील म्हनले, उचल बायकूकडं वळती करा. तिनं तीन वर्सं आमच्याच अंगनात पाखडलं. त्या फरशीशेजारी. दर बाजाराला आना, कवा दीड आना. मी हितं बसून लिहीत हुतो, जमा, जमा. मधे यकदा तरी म्हनायला पायजे हुतं, राहू द्या म्हनून. म्हनालो न्हाई. हे बघ." त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "बेबाक. म्हंजी समदं फिटलं. माझंच अक्षर हाय. चांगलं आलंय."

मला मोडी येत नाही, पण अक्षर खरंच चांगलं होतं.

"बाई मग गेली माहेरला. मला वाटलं हुतं जाताना काय तरी बोलंल. शिवी तरी दील." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझ्या मालकानं उचल किती घेतलीया?"

"पंधरा."

"खर्च झाली?"

"कडबा आणला."

त्यांनी चोपडी मिटली आणि मला घरी जायला सांगितलं.

रविवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. यांनी एकच धरलं होतं. पैसे घेतलेत, शब्द दिलाय, उतरणार. वासाला भ्यायला मी काय शेठ आहे? दम धरून उतरेन, भोवताली बघेन, वर येईन. सांगून थांबले नाहीत, घरात सराव सुरू केला. चुलीपुढं बसून नाक दाबायचं आणि मला म्हणायचं, मोज. मी मोजायला लागले, "लाभ, दोन, तीन..." तसे ते नाक सोडून खेकसले, "तू बी त्येच्यासारखीच झालीस." मग मी 'एक'पासून मोजलं. पन्नासला त्यांचे डोळे बाहेर आले. साठला त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "बास की. साठात तर मी दोनदा उतरून येतो."

मी हिशेब केला. विहिरीत उतरताना ते किती वेळ घेतात ते मी रोज बघत आले होते. साठात खाली जाऊन वर येता येत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ऐंशीचा सराव केला असता.

मळ्यात पेव उघडंच होतं. बापूशेठ दिवसभर त्याच्या काठाशी उभे राहून लिंबाचा डहाळा दोरीनं खाली-वर करत. घामानं भिजत. मी मदतीला गेले तर म्हणत, "हात मागं." शुक्रवारी त्यांनी कंदील सोडला, तो सहाव्या हाताला विझला. एका हाताचा फरक. त्यांनी पुन्हा डहाळा उचलला. एवढ्या वेगानं रविवार गाठला जाणार नव्हता, हे त्यांना दिसत होतं आणि मलाही.

शनिवारी सकाळी मी कामावर गेले तर बापूशेठ मळ्यात नव्हते. तेरा वर्षं हा माणूस मळ्याच्या कुंपणाबाहेर गेला नव्हता, डॉक्टरसुद्धा घरी बोलवायचा. मी पेवाकडं धावले. आधी तिकडंच धावले, खोटं नाही. वाकून हाक मारली. माझाच आवाज परत आला. काठाशी त्यांच्या वहाणा नव्हत्या, म्हणजे ते आत नव्हते. मी गावाकडं पळाले. पाय अजून दुखत होता.

ते चावडीवर होते. पाटील बाजेवर बसलेले, आमचे हे खाली उकिडवे, आणि बापूशेठ खांबाला धरून उभे. इतकं चालायची सवय नसल्यानं धापा टाकत होते. त्यांनी आमच्या घरी जाऊन यांना सोबत आणलं होतं, हे मला नंतर कळलं. मी भिंतीच्या आडोशाला उभी राहिले.

"पेव उगडंच हाय, पाटील," ते म्हणत होते. "आता बंद करनार न्हाई. साहेबांना सांगा, चार दिस लागोत, आठ लागोत, कंदील तळाला जळला की मी सोता त्यांच्यासंगं उतरतो. आत भुसा हाय आन काय न्हाई. पन तवर कुनाला उतरवायचं न्हाई."

"आवो, ह्यो नामदेव उतरतो म्हनतोय. उचल घेतलीया त्येनं."

"उतरतोच," आमचे हे म्हणाले. "मी काय भ्यालो न्हाई."

"तुला कोन इचारतंय?" बापूशेठ म्हणाले. त्यांनी कनवटीला हात घातला आणि घडी केलेल्या नोटा काढल्या. वखारीचं छप्पर पावसाआधी शाकारायचं म्हणून ते पैसे ठेवत होते, मला माहीत होतं. कारण कौलं कुठं फुटलीत ते मीच त्यांना दाखवलं होतं. त्यांनी पैसे बाजेवर ठेवले.

"ही नामदेवाची उचल. पावती करा."

"तुमच्या नावानं?"

"न्हाई. घेतली त्येच्या नावानं. नामदेवानं परत केली, असं लिवा. माझं नाव नगं."

पाटलांनी यांच्याकडं बघितलं. आमच्या ह्यांनी मान खाली घालून जमिनीवरची एक काडी उचलली आणि मोडली. विहिरीत पन्नास हात खाली हसत उतरणारा माणूस, त्यानं त्या काडीचे बारीक बारीक तुकडे केले आणि वर बघितलं नाही. इतके दिवस मी एकटीच भीत होते असं मला वाटत होतं.

"शेठ," पाटील म्हणाले, "तुमचं आन ह्येचं नातं काय? तुमी कापसाच्या बोंडाला हात लावू देत न्हाई कुनाला, आन पंधरा रुपये काढून देताय."

"नातं काय न्हाई," बापूशेठ म्हणाले. "त्यो जिता हाय, एवढंच."

"साहेबांना थांबाया सांगतो मी," पाटील म्हणाले. मग त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं. बापूशेठांनी कागद हातात धरून बघितला. बाळबोध होता, त्यांना वाचता येईना. त्यांनी भिंतीच्या आडोशाला उभ्या असलेल्या मला बोलावलं. सगळ्या चावडीपुढं मी तो वाचला. नामदेवाकडून उचलीचे रुपये पंधरा परत पोचले, येणं काही राहिलं नाही.

"न्हाई राहिलं असंच लिवलंय नव्हं?" त्यांनी विचारलं.

"असंच लिहिलंय, बापू."

"मोठ्यानं वाच. त्येला ऐकू दे."

मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं. पाटलांनी नोटा मोजल्या, परत मोजल्या आणि कुलपाच्या पेटीत ठेवल्या. पंधराच्या पंधरा रुपये फिटले होते.